मिशी लावलेली बायको

११ ऑक्टो., शनि.
इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक छापून आला. खोकी नेहमीप्रमाणे माझ्या गॅरेजमध्ये. एक फोडलं, थेट बालविभाग काढला. लेकीचं कॉमिक आहे त्यात: चित्रं इराची, गोष्ट तिची बायको टेंडाई हिची, मराठी माझं. नायिका काळी, चेहरा टेंडाईचाच. दिवसा बस चालवते, संध्याकाळी उडते. घरी बायको वाट बघते.
छापलेली नायिका गव्हाळ. बायकोला मिशी.
मी पास केलेल्या प्रुफात हे नव्हतं. संपादक मी आहे.

१२ ऑक्टो., रवि.
अध्यक्ष सुधीर देवल्यांना फोन.
"माधवीताई, छपाईत फार काळी दिसत होती हो. जरा उजळ केली. लग्नाच्या फोटोत नाही का करत?"
आणि मिशी?
"मुलांचं पान आहे. नवरा दाखवला की प्रश्न मिटला. बाकी एका रेषेला हात लावलेला नाही."
वर उपकार. विचारलं, टेंडाई समोर आली तर तिच्याही चेहऱ्याला पावडर लावणार का? मग मीच फोन आपटला.

१४ ऑक्टो., मंगळ.
दोघी आल्या. इरा हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "आई, लीव्ह इट. मोठे पब्लिशर्सपण हेच करतात. काळी हिरॉइन दुसऱ्या बाईची बायको असली, तर तिसऱ्या अंकात मरते. आपली निदान जिवंत आहे."
टेंडाई पानाशेजारी मनगट ठेवून बघत बसली.
इरा म्हणते, पानं फाड आणि अंक वाट. म्हणजे या दोघी नाहीतच. तेच तर हवंय देवल्यांना.

१६ ऑक्टो., गुरु.
कमिटी. सुषमावहिनी: "एका चित्रापायी सगळ्यांची दिवाळी अडवणार? पटवर्धन आजींची कविता आहे त्यात." आहे. म्हणून तर जास्त संताप, आजींनाही यात ओढल्याचा.
मी सांगितलं, मूळ पानं छापून आत चिकटवा. छापखाना तयार आहे.
देवले: "बरं, रंग परत आणतो. मिशी राहू दे."
इथल्या अवोन्डेलच्या बाजारात वांगी घेताना करतात तशी घासाघीस. खोकी हलणार नाहीत म्हटलं आणि मीच चहा न घेता उठले.

१८ ऑक्टो., शनि.
आज प्रकाशन. पानं छापलेली नाहीत. सकाळी टेंडाईला फोन केला, नाही आलीस तरी चालेल.
"ब्लाउज शिवून आलाय, आंटी. आय अ‍ॅम कमिंग. फ्रंट रो."
साडी नेसायला इकडेच येणार होती.
दुपारपासून खोकी न्यायला देवल्यांची व्हॅन ड्राइव्हवेत. दोनदा हॉर्न. गॅरेजची किल्ली माझ्याकडे.
आत्ता टेंडाईची गाडी व्हॅनमागे येऊन थांबली. देवले उतरले. तिचाच चेहरा उजळवून बसलेत, तरी ओळखलं नाही. "हॅलो, इराज फ्रेंड?"
"वाइफ," ती म्हणाली. हात पुढे केला.
देवले त्या हाताकडे बघताहेत.
दार उघडायला जाते. घराचं.