तुझ्या मैत्रिणीविरुद्ध

प्रिय मावशी,

फोनवर तू विचारलंस, "आवाज का असा?" मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. फोन ठेवल्यावर नळ सोडून न्हाणीघरात बसले होते.

लहानपणी तुझा कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून मी बाहुल्यांना इंजेक्शनं द्यायचे. तू म्हणायचीस, सुई टोचण्याआधी पेशंटशी दोन शब्द बोलावेत. ते मी अजून पाळते. त्यावरूनच वॉर्डात माझं नाव 'कीर्तनकार' पडलं. ठेवलं तुझ्या मैत्रिणीने, म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टरने. पहिल्यांदा मीही हसले. मग मी खोलीत शिरले की चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबायला लागलं. सुट्टीच्या दिवशी ड्युटी लागली की ती माझीच. एकदा माझा डबा बेसिनमध्ये पालथा घातलेला सापडला. विचारलं तर सगळ्या खिडकीबाहेर बघत होत्या. तुला काय सांगणार? तिच्या हाताखाली मला तूच मोठ्या विश्वासाने सोपवलं होतंस.

एवढं सगळं मी गिळलं असतं गं. पण मागच्या आठवड्यात पाळी बदलताना तिने मला वॉर्ड सोपवला आणि खिडकीजवळच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचा नाश्ता रक्ताच्या तपासणीसाठी थांबवलाय, हे सांगितलंच नाही. इन्शुलिन दिल्याचं लिहिलेलं होतं. मला वाटलं, खाऊन झालं असेल. थोड्या वेळाने बघते तर काका घामाने निथळलेले, हात थरथरतायत, मला त्यांच्या मुलीच्या नावाने हाक मारतायत. साखर पार खाली गेली होती. ग्लुकोज दिलं, डॉक्टर धावत आले, काका सावरले. तोवर ती दारात उभी राहून त्यांच्या मुलीला सांगत होती, "हिचं लक्ष गप्पांत असतं." नंतर कपाटाशी मी एकटी असताना मात्र म्हणाली, "आता तरी विचारून विचारून काम करशील."

म्हणजे विसरली नव्हती, मावशी. मला खाली पाडायला तिने त्या माणसाला पणाला लावलं.

मी मेट्रनकडे तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी मला वॉर्डातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. आमच्यातली सगळ्यांत गप्प सिस्टर, जिला तू 'मांजर' म्हणतेस, जिन्यात हळूच म्हणाली, "कपाटाशी ती तुला काय म्हणाली, ते मी ऐकलंय. पण मला साक्षीला बोलावू नकोस, मला इथेच राहायचंय." मला तिचा राग आला नाही. फक्त फार एकटं वाटलं.

उद्या चौकशी आहे. तुझ्या मैत्रिणीने स्वतःच्या बाजूने बोलायला तुला बोलावलंय, हे मला कळलंय; फोनवर तू तीनदा "जाऊ दे, मिटवून टाक" का म्हणालीस, तेही तेव्हाच उमगलं. तर ये. तुझ्या आजारपणात ती तुझ्या उशाशी बसली होती, तेही सांग, ते खरंच आहे. मी तक्रार मागे घेणार नाही. पण तिथे सगळ्यांसमोर कानावर पडण्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं. तू कुठल्याही खुर्चीवर बसलीस तरी संपल्यावर मी फाटकाशी थांबेन. घरी बरोबर जाऊ.

तुझीच,
धाकटी