मोरपंखी की फिरोजी

आबा, तुमच्या नातवाच्या खोलीला रंग द्यायचं काढलंय. साताऱ्याचं हे घर तुम्ही पाहिलंच नाही. रंगाऱ्यानं भिंतीवर दोन पट्टे मारून ठेवलेत, एक मोरपंखी, एक फिरोजी, आणि आठवडाभर आमचे नवरा-बायकोचे वाद चाललेत. मला निळ्याकडं झुकणारा हवा, यांना हिरव्याकडं. काल पोरगा धावायचा सराव करून आला, घामानं निथळत, आणि म्हणाला, "आई, किती डोकं खाताय! दोन्ही राखाडीच हायत की." मी हसले. गंमत म्हणून रंगांच्या कार्डावरची खरी राखाडी पट्टी पुढं धरली. "आन् हे?" "हेबी त्यातलंच." यांनी चहाचा कप खाली ठेवला. हे फौजेतून निवृत्त होऊन आलेले. रंग ओळखता आले नाहीत तर भरतीच्या मेडिकलला काय होतं, ते यांना सांगावं लागत नाही.

आज मी एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्या म्हणाल्या, हे मुलाला आईकडून येतं, बहुधा आजोळचं असतं. तुमच्या वडिलांना होतं का? मी नाही म्हणाले. जिना उतरताना मधेच पायरीवर बसले. सांगलीचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. दिवाळीची साडी उलगडून आई उभी आहे. "आवं, मोरपंखी आणा म्हणलं हुतं म्या. ह्यो राखुंडीचा रंग कुणासाठनं?" तुम्ही ताटातून मान वर काढत नाही. "दुकानदारानं फसवलं," म्हणता. मीही तुम्हाला हसतेय. आणि भरतीतून परत आलात ते? आजी रडली म्हणून आलो, असं सगळ्या गल्लीला सांगत होतात. आबा, खरंच आजी रडली होती?

मला तुमचा राग आलाय, लय राग आलाय. एकदा, एकदाच माझ्यापाशी बोलला असतात, तर मी याला लहानपणीच तपासून घेतलं असतं. शाळेत असल्यापासून पोरगं पहाटे उठून धावतंय. दुसरं काही करायचं त्याच्या डोक्यातच नाही, आणि आम्हीही कधी येऊ दिलं नाही. मेडिकल परवावर आलंय. हे म्हणतात, त्याला तू सांग, तू आई आहेस.

मघाशी तो विचारत होता, रंगाचं काम का थांबलं. दुकानात रंग संपलाय, म्हणाले मी.