नोंदवहीतली पांढरी साडी

आई, तुझी बारीक निळ्या काठाची पांढरी साडी मी संग्रहालयात दिली, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. पौर्णिमेला विहारात नेसायचीस ती. तू गेल्यावर कितीतरी वर्षं ट्रंकेत पडून होती. मग गोंदियात मला संग्रहालयाच्या वस्त्रदालनात नोकरी लागली, बायकांची जुनी लुगडी-साड्या ओळखून त्यांची नोंद करायची, आणि मला वाटलं, ट्रंकेत कसर लागण्यापेक्षा काचेत बरी राहील. गावाकडून मिळाली, एवढंच सांगून दिली.

चिचगडला तू ती भाताच्या पेजेत बुडवून वाळत घालायचीस, ते अजून डोळ्यासमोर येतं. मी दुसरं टोक धरून उभी आहे आणि शेजारची काकू कुंपणावरून विचारते आहे, "नवरा बसला आहे नं घरी, मंग पांढरं काऊन नेसतेस वो?" तू साडी अशी झटकतेस की पाणी तिच्या अंगावर उडतं. "नवऱ्यासाठी कोन नेसते? विहारात जातो, म्हून नेसतो." बाबा ओसरीवर बसून हसताहेत.

संग्रहालयात आमच्या मॅडमनी ती टेबलावर पसरली, लांबी मोजली, पदर उलटून पाहिला. म्हणाल्या, "पांढरी, नक्षी नाही. विधवेची. लिहा." पांढरं विहारातही नेसतात, एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आई. पण ते बोलले असते तर साडी कुणाची, तुम्ही कुठल्या, हे पुढचं सगळं आलंच असतं. त्या ऑफिसात माझ्या आडनावावरून अंदाज बांधणं आधीच चालू होतं. आपण होऊन कशाला सांगा, म्हणून मी गप्प बसले आणि नोंदवहीत नि काचेतल्या कार्डावर लिहिलं: 'विधवेची साडी. वापरणारी: अज्ञात.' अक्षर मात्र सुरेख काढलं. परक्या बायकांच्या लुगड्यांवरून मी लोकांशी तासन्‌तास वाद घालते आणि तुझ्या वेळी शेपूट घातली. लाज वाटते मला.

मागच्या महिन्यात बाबांना आताच्या कुडव्याच्या घरून स्कूटीवर बसवून दालन दाखवायला नेलं. ते कार्ड मी विसरूनच गेले होते. बाबांनी चष्मा सारखा करून वाचलं, मग काचेला बोट लावलं.

"बाई, हे तं तुह्या मायची वाटते."

"नाही बाबा, तशीच दुसऱ्या कुणाची आहे."

"असन," ते म्हणाले. कार्ड परत एकदा वाचलं. "बिचारीचा नवरा लवकर गेला असन."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं आणि नोंदही बदलली, कार्डही. विहारात नेसायची साडी असं लिहिलं, खाली तुझं पूर्ण नाव. मॅडमनी लगेच सही केली. इतकंच करायचं होतं, आणि त्याला मी इतकी वर्षं लावली.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. कार्डावर आता तुझं नाव आहे, हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. "मले एकडाव आनखी ने," म्हणतात ते, आणि दर वेळी मी स्कूटी बिघडली आहे म्हणून सांगते.