फरश्यांमधल्या फटी

१९ मार्च, दुपार

ठमे,

आशीर्वाद आहेतच, पण आधी ओरडा खा. आठवडा झाला, फोन उचलत नाहीस. अगदी बापावर गेली आहेस, रुसलं की दार बंद! म्हणून पत्र. हे काही तुला कट करता येणार नाही. शिंपीणबाई उद्या तुझ्या ऑफिसवरून जाणार आहेत, त्यांच्या हाती पाठवतेय. त्यांना चहा विचार, दारातूनच वाटेला लावू नकोस.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. मांजरीनं तुझ्या कपाटात पिल्लं घातली आहेत, तेव्हा तुझा निळा स्वेटर आता त्यांचाच समज. गल्लीत गाड्या यायच्या बंद झाल्यापासून दातांचे डॉक्टर कोपऱ्यापासून चालत येतात आणि रोज तुझ्या नावानं बोटं मोडतात. काल मात्र त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं, पोट आत गेलंय म्हणे! हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून कळवतेय.

बाबा बरे आहेत.

डांबर उखडून कडेनं तू मातीचा पट्टा केलास ना, त्यातली रोपं सगळी धरली. कसल्या कसल्या माशा येतात, फुलपाखरं येतात, शाळा सुटली की पोरं तिथंच वाकून बसतात. संध्याकाळी भिंती पूर्वीसारख्या भाजत नाहीत. खरं सांगू? तू पहिल्यांदा घरात नकाशा पसरून म्हणालीस, "आई, आपण सगळ्या गावाला वरून झाकण लावलंय, पाणी खाली जाणार कुठून? विहिरी आटणारच," तेव्हा मला वाटलं, पोरगी शिकून वेडी झाली. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, आम्हीच एवढी वर्षं गुळगुळीत रस्ता बघून खूश होत होतो.

बाबा बरे आहेत असं मघाशी लिहिलं, ते खोटं. ताटावर बसतात आणि दोन घास चिवडून उठतात.

तो टँकरचा दिवस माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. तुझे साहेब लोक रांगेनं उभे, डांबराच्या जागी बसवलेल्या नव्या फरश्यांवर चाचणीसाठी टँकरनं पाणी सोडलेलं, आणि तू किती आत्मविश्वासानं म्हणालीस, "चहा संपेपर्यंत सगळं जमिनीत जिरेल." चहा संपला, कप विसळून झाले, पाणी तिथंच. मग निघालं ते थेट बेकरीत. तू त्या पाण्यात बूट भिजवून उभी होतीस, आणि मोठे साहेब हसत म्हणाले, "मॅडम, तळं छान झालंय." आणि मग तुझा तो एवढासा मेसेज. सोमवारी बैठक, गल्लीवर पुन्हा डांबर पडणार, बाकीच्या गल्ल्यांचं काम गुंडाळणार, तू राजीनामा देणार. "माझंच गणित चुकलं, आई."

नाही चुकलं, बाळा. पहिल्या ओळीपासून हेच सांगायला बसलेय आणि मांजरीचं पुराण लावलंय.

तुझ्या बाबांचं तुला माहीत आहे. जन्मभर फरशी बसवली, आणि दोन फरश्यांमध्ये सुई जाणार नाही ही त्यांची शान. तू सांगितलंस, पाणी खाली उतरायला बोट जाईल एवढी फट ठेवा, आत फक्त खडी, सिमेंटचा थेंब नको. कुरकुरत का होईना, त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी अख्खी गल्ली तशी केली. मग टँकरच्या आधीच्या रविवारी, तू मुख्य ऑफिसला गेलेली असताना, रंगाचे दुकानवाले तिथून चालले होते. म्हणाले, "काय मिस्त्री, हात थरथरायला लागले वाटतं? बोट जातंय की मध्ये!"

झालं. जेवण अर्धं टाकून हे गेले, पातळ सिमेंट कालवलं आणि सगळ्या फटी भरून टाकल्या. वर बारीक खडी पसरली, म्हणजे तुला कळायला नको.

मला हे परवा कळलं. मी म्हटलं, साहेब हसले म्हणून किती मनाला लावून घ्याल? तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "फटी मी भरल्या." माझा असा संताप झाला, काय सांगू! म्हटलं, पोटच्या पोरीच्या पोटावर पाय दिलात! तर म्हणाले, "अगं, कोपऱ्यावर पाटी लागलीय. तिचं नाव आहे त्यावर. तिचं पहिलं काम, आणि बापानं त्यात फटी ठेवायच्या?"

मी राग गिळला. पुरता उतरला नाही, अजून घशात आहे.

म्हटलं, आता तुम्हीच तिला लिहा. कागद घेऊन बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, उठून गेले. माझ्या डोक्यात आलं, गेलं हे काम. पण आज सकाळी बघते तर छिन्नी-हातोडी घेऊन बेकरीसमोर गुडघ्यांवर बसलेले, ऐन गर्दीच्या वेळी. फटीतलं सिमेंट फोडत होते. रंगवाले नेमके तिथं आलेच. "मिस्त्री, हे काय?" हे मान वर करून म्हणाले, "माझी चूक झाली. पोरीचं बरोबर होतं." एवढ्या मोठ्यानं, की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. ठमे, लग्न झाल्यापासून त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

दाराएवढा तुकडा मोकळा झाला तेव्हा मला हाक मारली, बादली आण म्हणाले. मी ओतली. पाणी पसरलंच नाही, उभं खाली गेलं. दुसरी बादली ओतली, तीही गेली. तुझे बाबा ओल्या फरशीवर हात ठेवून तिथंच बसले आणि रडले. बेकरीवाला बघत होता, तरी रडले.

लगेच मोठ्या साहेबांकडे निघाले होते. मी अडवलं. म्हटलं, आधी लेकीला सांगा, मग जगाला. सोमवारी ते बैठकीत येऊन स्वतःच्या तोंडानं सांगणार आहेत. तू त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. तू राग धर, भांड, तो तुझा हक्क आहे. पण राजीनामा देऊ नकोस. तू सोडलंस तर डांबर पडेल, आणि या गल्लीत पुन्हा कुणी पाण्याचं नाव काढणार नाही. पुढच्या गल्ल्यांना कोण विचारतंय मग?

आणखी एक. उखडलेल्या फरश्या परत बसवताना त्यांचा हात आपोआप त्या जवळ सरकवतो. मध्ये लाकडाची पट्टी धरतात, तरी सरकवतो. मघाशी दारात उभं राहून मला म्हणाले, "तिला विचार, बाकीच्या गल्ल्यांत मला हाताखाली घेईल का? ती समोर उभी असली तर हात ऐकेल."

अजून रागात असलेली,
तुझी आई

सगळं त्यांना वाचून दाखवलं आहे. एकही ओळ खोडू नको म्हणाले.