चेरीची ऑक्टोबर छाटणी

बाबा,

यंदा आपल्या चेरीच्या सात बादल्या निघाल्या. सात. किचनमध्ये पाय ठेवायला जागा नाहीये. आई ओट्यापाशी उभी राहून बिया काढतेय, कोपरापर्यंत लाल झालीये, आणि साखर किती घालायची यावरून माझ्याशी नाही, स्वतःशीच भांडतेय. मी आत्ताच शिडीवरून उतरलेय. बोटं इतकी चिकट आहेत की लॅपटॉपला हात लावायची सोय नाही, म्हणून हे पेनाने. हे पत्र मी आधी तीनदा सुरू केलंय. एकदा नुसत्या प्रश्नांचं केलं, एकदा मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेसारखं, एकदा अर्धं जर्मनमध्ये. तिन्ही हुशार होती, आणि तिन्हींत मी सांगायची गोष्ट सोडून बाकी सगळं सांगितलं होतं. तू वाचून म्हणाला असतास, छान आहे, पण काय म्हणायचंय ते सरळ सांग की. आल्झो, तर मग, सरळ सांगते.

हे झाड तू लावलंस तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाउमार्क्टमधून, त्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानातून, गाडीत आडवं घालून आणलेलं, आणि घरी येईपर्यंत त्याचा शेंडा माझ्या कानात गुदगुल्या करत होता. तू निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलेला, घराण्यातला पहिला इंजिनियर. जर्मनीत आल्यावर नेकारसुल्मच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या डिझाइन करायचास आणि घरी आलास की बूटही न काढता मागच्या दाराने थेट बागेत. आपल्या गावाभोवतीच्या टेकड्यांवरही द्राक्षंच होती, पण ती बघून तू मान हलवायचास. हे लोक ऐन थंडीत छाटतात, म्हणायचास, यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरात, हे तू आजोबांच्या हाताखाली शिकला होतास, त्यावर चर्चा नव्हती. आणि आपल्या बागेत फळझाड म्हणून एकटी चेरीच होती, त्यामुळे ती छाटणी तिच्या वाट्याला आली.

दसरा मला अजून तसाच्या तसा दिसतो. हॉलमध्ये पाटावर तुझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि मधोमध आजोबांची छाटणीची कात्री, विमानाच्या सामानातून आणलेली, लाल मुठीची. त्यावर कुंडीतली झेंडूची तीन फुलं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी तू झाडाला शिडी लावतोस. बुंध्याला हळदकुंकू, पायरीवर नारळ, आणि नारळ फुटला की कुंपणापलीकडे शेजारची जर्मन आजी, आपली ओमा, दचकते. मी खाली शिडी धरून उभी. "आधी डोळे मोज," तू वरून म्हणतोस. काडीवरच्या कळ्यांना तू डोळेच म्हणायचास, द्राक्षवाल्यांसारखं. मी मोजते, एक, दोन, तीन, चार. चौथ्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप, एका झटक्यात, साल अजिबात न चुरगळता. मग मोरचूद आणि चुन्याची निळी पेस्ट, ब्रशने, प्रत्येक जखमेवर. थोडी तुझ्या कानालाही लागायची. संध्याकाळपर्यंत झाड एवढंसं उरायचं, सगळी टोकं निळी. मला वाटायचं, या गल्लीत असं झाड कुणाकडेच नाही. खरंच नव्हतं. बाकी सगळ्यांच्या झाडांना चेरी यायच्या.

आपल्या झाडाला एकही नाही. तू आजोबांना फोनवर सांगायचास, जोर धरतंय अजून, पुढच्या वर्षी बघा. मला ते पटायचं. तू सांगितलेलं मला सगळंच पटायचं, निदान बागेत. बाहेर तू वेगळा असायचास. कारखान्यात इंग्लिशवर निभायचं, पण व्हिसाच्या ऑफिसात तू खुर्चीच्या कडेवर बसायचास, फाइल मांडीवर दोन्ही हातांनी धरून, आणि टेबलापलीकडची बाई तुझ्याकडे न बघता माझ्याशी बोलायची. मी नऊ वर्षांची. तू तिला हसून "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, बरोबर, म्हणायचास आणि मग हळूच मला विचारायचास, काय म्हणाली ग?  घरी आलास की कपडे बदलून झाडापाशी. तिथे तुझी पाठ परत सरळ व्हायची. या अख्ख्या देशात ती एकच जागा होती जिथे तुला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

मी अकरा वर्षांची असताना ओमाने मला कुंपणाशी बोलावलं. तिची खेड्यातली जर्मन तुझ्या डोक्यावरून जायची आणि इंग्लिश तिला येत नव्हतं. तिने तिच्या झाडाची एक जाड, जुनी फांदी खाली वाकवली आणि त्यावरचे कळ्यांचे झुपके दाखवले. चेरी जुन्या लाकडावर येते, म्हणाली. तुझे बाबा दर ऑक्टोबरला पुढच्या वर्षीची फळंच कापून टाकतात. चेरी छाटायची ती उन्हाळ्यात, फळं उतरवून झाली की, म्हणजे जखमा लवकर भरतात. शेवटी म्हणाली, "सांगशील ना त्यांना?" मी जर्मनमध्ये हो म्हणाले, "जा."

बाबा, मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तू पाईपने झाडाला पाणी घालत होतास, शिट्टी वाजवत. मी दारात उभी राहिले आणि परत आत गेले. त्या ऑक्टोबरला मी शिडी धरली आणि डोळे मोजले, आणि या वेळी मला माहीत होतं आपण काय मोजतोय. पुढच्या वर्षी ते झेपेना, म्हणून दसऱ्याच्या रात्री पाटावरची कात्री उचलून खाली केलरमध्ये, तळघरात, हिवाळी टायरांच्या मागे ठेवली. शनिवारी तू सगळं घर पालथं घातलंस. आई म्हणाली, "अहो, राहू द्या ना यंदा." तू ऐकेनास. शेवटी माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलं. मी कात्री आणून दिली. तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. कात्री उघडमीट करून बघितलीस आणि म्हणालास, "हत्यार लपवायचं नसतं. पटत नसेल तर तोंडाने सांगायचं. सांग, काय झालं?"

तू थांबला होतास. खरंच थांबला होतास, शिडीवर एक पाय ठेवून. मी म्हणाले, काही नाही, गंमत केली. त्या दिवशी तू मला शिडी धरायला लावलीस, पण डोळे मोजायला सांगितले नाहीस.

त्यानंतर एकच छाटणी झाली. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तू कामावर गेलास आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. मी चौदा वर्षांची होते. फोन मीच घेतला, कारण तो जर्मनमध्ये होता.

त्या दसऱ्याला आईने कात्री पुजली आणि परत खोक्यात ठेवली. झाडाला कुणी हात लावला नाही. पुढच्या वसंतात थोडी फुलं आली आणि जूनमध्ये अकरा चेरी. आईने त्या वाटीत घालून तुझ्या फोटोसमोर ठेवल्या आणि म्हणाली, "अहो, आल्या बघा." तिला वाटलं, झाडाने अखेर जोर धरला. मी बागेत जाऊन बसले आणि ठरवलं की आता हे झाड माझं. सोपं नव्हतं, बाबा. बुंध्यावर सगळीकडे डिंक यायचा. मी शनिवारी सकाळी गावातल्या बागवाल्या मंडळात जायचे, जिथे सगळे सत्तरीचे आणि मी पंधराची. डिंकाची जागा सुरीने जिवंत लाकडापर्यंत कशी साफ करायची ते शिकले. माश्यांसाठी पिवळे चिकट कागद टांगायला शिकले, साळुंक्यांसारखे ते काळे पक्षी येतात त्यांच्यासाठी जाळी घालायला, आणि पाऊस थांबल्या थांबल्या फांद्या हलवून पाणी झटकायला, नाहीतर पिकलेली फळं तडकतात. हायडेलबर्गला शिकायला गेले तरी जून-जुलै माझा इथेच. लिहायचं काम मी कितीदा अर्धवट सोडलंय. झाडाचं एकदाही नाही.

आणि परवा ओमा आली, चाकांच्या वॉकरवर, तोडणी बघायला. आई बागेतच टेबल मांडून देठ काढत होती. ओमाने मूठभर चेरी खाल्ल्या, बिया एकेक करून तळहातावर काढल्या आणि दरवर्षी म्हणते तेच म्हणाली. तुझा बाप माणूस चांगला, पण असला हट्टी मी पाहिला नाही. मी निरोप पाठवला, तरी कापायचा तो कापायचाच. दरवर्षी मी यावर हसते. सतरा वर्षं हसतेय. तुझी पाठ सरळ राहावी म्हणून मी गप्प बसले, आणि कुंपणापलीकडे तू हट्टी ठरलास, सांगूनही न ऐकणारा. या वेळी पाचवी बादली माझ्या हातात होती आणि मला हसता आलं नाही.

"त्याला माहीतच नव्हतं," मी म्हणाले. "मी तुझा निरोप दिलाच नाही."

मग तेच आईला मराठीत सांगितलं. आईचे हात थांबले. ओमाने विचारलं, का? मला जर्मनमध्ये एवढंच जमलं, की तेवढं एकच त्याचं होतं. ओमा वॉकर ढकलत झाडापाशी गेली आणि मला बोलावलं. खालच्या जाड फांद्यांवर तुझ्या कापांच्या जागी गोल गाठी आहेत, ओठ मिटावेत तशी साल चारी बाजूंनी मिटलेली. तिने त्यातल्या एकीवर अंगठा फिरवला. म्हणाली, माझा नवरा बरोबर महिन्यात कापायचा आणि आमच्या निम्म्या फांद्या कुजल्या. हे झाड इतक्या छाटण्यांनंतर मरायलाच हवं होतं. बघ, एक तरी काप कुजलाय का? मी बघितलं. सगळ्या गाठी बघितल्या. एकही नाही.

"महिना चुकला त्याचा," ओमा म्हणाली. "हात नाही चुकला."

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी तुझ्यासाठी भाषांतर केलं, पण आईला हे सांगताना वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. छाती एवढी झाली. आईने हातातल्या चेरीचा देठ काढला. मग म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर त्यांनी ऐकलं असतं. दोन दिवस धड जेवले नसते, पण ऐकलं असतं." आणि एक बादली माझ्याकडे सरकवली.

बरोबर आहे तिचं. तू शिडीवर पाय ठेवून थांबला होतास.

पुढच्या आठवड्यात मी छाटणी करीन. जुलैत, कोरड्या दिवशी, आजोबांच्या कात्रीने, तुझ्यासारखा तिरका काप, वर निळी पेस्ट. मंडळातले म्हातारे माझे काप बघायला येतात. विचारतात, कुणाकडे शिकलीस? मी सांगते, बाबांकडे. ते विचारतात, ते चेरीवाले होते का? मी म्हणते, गेनाऊ.

हे पत्र कात्रीच्या खोक्यात जाईल, तेलाच्या फडक्याखाली. एक राहिलं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी दरवर्षी इथे येते. पूजा झाली की कात्री घेऊन एकटीच बाहेर जाते, हाताला येईल ती एक काडी धरते, चार डोळे मोजते आणि कापते. चूक आहे हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षीच्या मूठभर चेरी जातात त्यात. ओमाला हे मी अजून सांगितलेलं नाही.