कुलपाला हळद-कुंकू

सौ. द्वारका,
तुला आणि तेजसला आशीर्वाद. मी खुशाल आहे.

विद्यापीठात सगळ्या खोल्यांना आता कार्डाने उघडणारी वायफायची कुलपं बसली. साहेबांनी माझा किल्ल्यांचा जुडगा जमा करून घेतला. तुला मुद्दाम कळवलं नाही.

खंडेनवमीला दरवर्षी मी जुडगा पुजायचो. यंदा नव्या कुलपावरच पाणी शिंपडून हळद-कुंकू वाहिलं, तर ते बंदच पडलं! वाटलं, गेली नोकरी. पण इंजिनिअर मॅडम हसल्या. कुलूप खोलून पुसलं आणि मला सेल बदलायला शिकवलं. आता दोनशे कुलपं माझ्याच जिम्म्याला आहेत.

तुझा गुडघा कसा आहे? दिवाळीला येतो. इथली दारं कार्ड ओळखतात. तू माझं कडी वाजवणं ओळखतेस ना अजून?

तेजसचे बाबा,
नागोराव