बंद केल्यावरही कोमट

बाबा, तुमचा मोठा लाकडी रेडिओ आज उघडला. रायपूर राजधानी झाल्यापासून इथल्या नव्या हॉटेलवाल्यांना जुन्या वस्तूंची हौस आली आहे, आणि एकाला हा रेडिओ चालू करून हवा होता. तात्यापाऱ्यातलं तुमचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आता मीच चालवते. दुकानामागच्या ज्या खोलीत मी आणि ताई झोपायचो, तिथेच तो अजून होता. तुम्ही शिकवलं तसंच केलं. करंट द्यायचा नाही, आधी नुसतं पाहायचं. "घाई काहून करून राहिली, पोट्टे? आधीच्या मिस्तऱ्यानं काय करून ठेवलं ते पाह्य," म्हणायचात.

मागच्या फळीच्या प्रत्येक स्क्रूवर तुमचा लाल लाखेचा ठिपका होता, एकही फुटलेला नाही. म्हणजे तुमच्यानंतर त्याला कोणाचा हात लागलाच नव्हता. आत पाहिलं, तर वॉल्व्हच्या काचनळ्यांची वीज बटणातून जातच नव्हती. बटण बंद केलं की डायलचा दिवा विझायचा, गाणं थांबायचं, पण वॉल्व्ह पेटलेलेच राहायचे आणि स्पीकरची जोडणी उलटी व्हायची. मग स्पीकर बोलत नाही, ऐकतो. खोलीतलं बोलणं पकडून एका बारीक तारेनं भिंतीपलीकडे पाठवतो. ती तार चाचपत गेले. दुकानात तुमच्या टेबलाखाली निघाली, तुमचा हेडफोन लटकायचा तिथे.

मग लहानपणचं आठवलं: थंडीच्या सकाळी मी त्या लाकडावर हात शेकते आहे. रेडिओ बंद आहे, तरी कोमट. तुम्ही म्हणता, "वॉल्व्ह थंडे व्हायले टाइम लागते." मला खरं वाटतं. चहा घेऊन दुकानात येते, तर तुमच्या कानाला हेडफोन असतो आणि तुम्ही बोट वर करून मला गप्प करता. आत ताई आईशी काहीतरी बोलत असते.

बीरगावच्या कारखान्यातल्या मुलाशी लग्न करायचं ताईनं ठरवलं, ते फक्त मला सांगितलं, याच रेडिओशेजारी, कुजबुजत. दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिची ट्रंक भरायला लावलीत. अकोल्याला मामाकडे धाडलीत, आणि तिथूनच लग्न, भलत्याच माणसाशी. स्टेशनवर ती मला म्हणाली, "तूच सांगितलं न बाबाले? तुह्याशिवाय कोणाले माहीत होतं?" तुम्ही शेजारीच उभे होतात. तेही ऐकलंत. तेव्हापासून ती माझ्याशी मराठी बोलत नाही. दिवाळीला फोनवर "कैसी हो" विचारते, परक्यासारखी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी इतकी वर्षं भोगली आणि तुमच्या फोटोला हार घालत राहिले. तुमचा राग येतो, बाबा. भीतीही वाटते. आम्ही तिथे आणखी काय काय बोललो असू?

हॉटेलवाल्याला नाही म्हटलं. तार तशीच ठेवली आहे, ताईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी म्हणून. दुपारी तिला फोन केला, याच खोलीतून. "क्या हुआ?" तिनं विचारलं. प्लग काढलेला, तुमची खुर्ची रिकामी, सगळं माहीत असूनही मी रेडिओकडे पाठ केली आणि तोंडावर पदर धरून बोलू लागले. तिला काही ऐकूच जाईना. शेवटी ती चिडली, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मराठीत बोलली, "जोरानं बोल न वं, कोण ऐकून राहिलं?"

मी फोन ठेवून दिला. आणि हे तुम्हाला लिहून सांगते आहे, कारण या खोलीत मोठ्यानं बोलायची माझी अजून हिंमत होत नाही.